पऱ्यावरची पोती

मालगुंडला येणारा माणूस केशवसुतांचं घर बघतो, किनाऱ्यावर तासभर बसतो आणि गणपतीपुळ्याच्या रस्त्याला लागतो. गावामागच्या चढाकडे त्याचं लक्ष जात नाही. इथल्या पाण्याचा सगळा मामला मात्र त्या चढावर आहे.

वर जांभ्याचा सडा. पावसाळ्यात त्यावर पडलेलं थोडं पाणी भेगांतून आणि कातळाच्या छिद्रांतून खाली मुरतं, बाकीचं पऱ्याला, म्हणजे इथल्या ओढ्याला, लागून धावत सुटतं. मुरलेलं पाणी जांभ्याखालच्या चिकट मातीच्या थरावर अडतं आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपानं बाहेर पडतं. जुन्या विहिरी आणि जुनी घरं याच पट्ट्यात सापडतात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात आटोपतो. दिवाळीला पऱ्या खळाळत असतो. शिमग्याला त्यात डबकी उरतात आणि एप्रिलच्या शेवटी वरच्या वाड्यांवरच्या बायका रिकाम्या कळशा घेऊन टँकरची वाट बघतात. एवढ्या पावसाच्या मुलखात पाण्यासाठी ताटकळणाऱ्या बाया दिसल्या की मला अजूनही राग येतो.

हे पऱ्ये लांबीला फार नसतात. सड्यावरून निघून खाडीला किंवा थेट समुद्राला मिळेपर्यंत काही किलोमीटरचाच प्रवास. पण एवढ्यात ते दोन-तीन ग्रामपंचायतींच्या हद्दी ओलांडतात. उगम एका गावाच्या सड्यावर, मधला टप्पा दुसऱ्याच गावातल्या माणसाच्या हापूसच्या बागेतून, आणि शेवट किनाऱ्यावरच्या गावात. दप्तर हद्दीपाशी थांबतं, निधी हद्दीपाशी थांबतो, ठरावही तिथवरच लागू होतो. म्हणून पऱ्यावर काही करायचं तर आधी हद्दीपलीकडच्या माणसांशी बोलावं लागतं. पावसानंतर इथे वनराई बंधारे घातले जातात तेव्हा मी जाते, ती बंधाऱ्याइतकीच हे बोलणं ऐकायला.

वनराई बंधाऱ्याला हे नाव मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेमुळे मिळालं. धारिया मूळचे महाड तालुक्यातल्या नाते गावचे, म्हणजे कोकणातलेच. कल्पना साधी. सिमेंटची रिकामी पोती गोळा करायची, पऱ्यातल्याच मातीनं आणि वाळूनं भरायची, रचून वाहतं पाणी अडवायचं. सिमेंट नाही, ठेकेदार नाही. खर्च काय तो सुतळीचा, चहाचा आणि कुणीतरी केलेल्या पोह्यांचा. जिल्हा परिषद आणि कृषी खातं दरवर्षी गावांना किती बंधारे घालायचे ते कळवतं, कृषी सहायक येऊन जागा बघतात, काही ठिकाणी कृषी महाविद्यालयाचे कृषीदूत नि कृषीकन्या मदतीला असतात. तरी प्रत्यक्ष काम वाडीतली माणसंच करतात, आणि त्यातही बचत गटातल्या बायका जास्त.

पहिला वाद जागेवरून. दोन्ही काठ उंच आणि घट्ट हवेत, पात्र अरुंद हवं, मागे पाणी साठायला सपाटी हवी. अशी जागा पऱ्यावर दोन-तीनच मिळतात आणि त्यातली चांगली जागा नेमकी कुणाच्या तरी कलमांना लागून असते. ‘पाणी मुळात बसलं तर झाड कुजेल’ ही बागायतदाराची भीती खोटी नाही. हापूसच्या मुळांना उभं पाणी सोसत नाही. म्हणून पाणी किती चढू द्यायचं हे आधी ठरतं. काठावरच्या एका दगडावर कोयतीनं खूण करतात. बंधाऱ्याचा माथा या खुणेच्या वर जायचा नाही, असा शब्द दिला जातो. लिहून कुणी घेत नाही.

मग पोती भरणं. काठावर उभा असलेला एक म्हातारा, ज्याला सगळे तात्या म्हणतात, पोरांवर ओरडत होता, ‘तोंडाशी भरू नुको रे, ते मग बसत नाय!’ पोतं पाऊण भरायचं असतं. गच्च भरलेलं पोतं गोल होतं आणि दुसऱ्या पोत्यावर घरंगळतं. पाऊण भरलेलं दाबलं की चपटं बसतं, शेजारच्या पोत्याच्या कुशीत शिरतं. पाऊण पोत्याचंही वजन तीस-पस्तीस किलोच्या खाली नसतं. माती पात्रातूनच घ्यायची. बंधाऱ्याजवळचा काठ खणला तर पहिल्या मोठ्या पावसात काठच जातो, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तोंड सुतळीनं शिवायला दाभण लागतं आणि वाडीत नेमकं एकच दाभण असतं. त्यामुळे शिवणारी बाई सर्वांत व्यग्र. तिच्यापुढे पोत्यांची रांग लागते.

तात्यांचं काम रचण्याचं. तळाच्या थराआधी ते पात्रातली पालापाचोळ्याची राड काढायला लावतात, अगदी कातळ लागेपर्यंत. पाणी वरून जातं त्याहून जास्त बुडाखालून जातं, म्हणून हा खटाटोप. तळाला तीन पोत्यांची रुंदी, वर जाताना दोन, माथ्याला एक. विटांच्या भिंतीसारखे सांधे चुकवायचे. पोत्याचं शिवलेलं तोंड आतल्या बाजूला, म्हणजे सुतळी कुजली तरी माती धुपत नाही. प्रत्येक पोतं ठेवल्यावर तात्या त्यावर उभे राहून टाचेनं ठोकतात, दोनदा डावीकडे, दोनदा उजवीकडे. मधल्या पोकळीत चिकण माती आणि गवत कालवून भरतात. चार-पाच मीटर रुंदीच्या पऱ्याला कमरेएवढा बंधारा घालायचा तर दीडशेच्या वर पोती जातात. काठापासून तात्यांपर्यंत माणसांची साखळी, आणि पोतं हातोहात सरकत राहतं. कामाआधी ग्रामदेवतेला आणि शिवेवरच्या राखणदाराला गाऱ्हाणं घातलेलं असतं. दोन गावांची माणसं असली की दोन नारळ.

बंधारा उभा राहिला तरी काम संपत नाही. आता गळती शोधायची. एका काकींनी मूठभर कोंडा मागच्या पाण्यावर सोडला आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात वाकून बघत राहिल्या. कोंडा तरंगत आला, पसरला, आणि डावीकडच्या तिसऱ्या पोत्यापाशी घुटमळून आत ओढला गेला. काकींनी तिथे हात घातला, चिखल आणि पेंढ्याचा गोळा दाबला, पुन्हा कोंडा सोडला. आणखी दोन भोकं सापडली. त्यानंतर पाणी वर येताना दिसू लागलं. सांडव्यासाठी मध्यभागी एक पोतं कमी ठेवतात, म्हणजे जादा पाणी काठ न खाता मधूनच खाली उतरतं.

खाली उतरणारं हे पाणीच भांडणाचं मूळ, आणि समजुतीचंही. नोव्हेंबर-डिसेंबरात आंब्याला मोहर येतो, फवारणीला पाणी लागतं आणि टाक्या भरायला लोक पऱ्यावर पंप लावतात. वरच्या गावानं पाणी अडवलं की खालची वाडी विचारते, आमच्या वाट्याला काय? १९९० नंतर रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून सड्याच्या उतारांवर कलमं वाढली, तशी ही विचारणाही वाढली. बसून बोलल्यावर जी वाट निघाली ती अशी: एकाच मोठ्या बंधाऱ्याऐवजी वरपासून खालपर्यंत टप्प्याटप्प्यानं लहान बंधारे घालायचे, वरच्या बंधाऱ्याला खालच्या वाडीनं माणसं द्यायची, खालच्याला वरच्यांनी. सांडवा बंद करायचा नाही. बंधाऱ्याच्या पाण्यावर रात्री पंप लावायचा नाही. या अटी कुठल्याही शासकीय आदेशात सापडणार नाहीत. देवळाच्या सभामंडपात चटईवर बसून त्या ठरल्या आणि म्हणूनच पाळल्या जातात, असं मला वाटतं.

किनाऱ्याकडच्या माणसांना ही रीत नवी नाही. खाडीकाठच्या खार जमिनींचे बांध असेच सामाईक असायचे. एकाच्या वाट्याचा बांध फुटला की खारं पाणी सगळ्यांच्या भातात शिरायचं, म्हणून फुटला की सगळ्यांनी धावायचं. पुढे १९४८ मध्ये खारभूमीचा कायदा झाला आणि ते काम बरंचसं सरकारकडे गेलं. बांध पक्के झाले असतील, पण धावण्याची सवय त्या बाजूनं कमी झाली.

हद्दीचा हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात मैदानी प्रदेशातली माती धुळीची वादळं होऊन उडून गेली. त्यानंतर ह्यू हॅमंड बेनेट या मृदातज्ज्ञाच्या पाठपुराव्यानं १९३५ मध्ये मृदसंधारणाचा कायदा झाला आणि १९३७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात ब्राउन क्रीक या ओढ्याच्या नावानं पहिला संधारण जिल्हा स्थापन झाला. शेतकऱ्यांनीच चालवायच्या या स्थानिक संस्था आज तिथे सुमारे तीन हजार आहेत. मूळ विचार असा होता की त्यांच्या सीमा ओढ्यानाल्यांच्या पाणलोटाप्रमाणे आखाव्यात. बऱ्याच राज्यांत मात्र कारभाराच्या सोयीसाठी महसुली सीमाच कायम राहिल्या. मग एकाच नदीवरच्या शेजारी जिल्ह्यांना एकत्र बसून कामं वाटून घ्यावी लागली. त्यांच्याकडे त्यासाठी कार्यालयं आहेत, माणसं आहेत. आपल्याकडे सभामंडप आहे. तो अपुरा आहे असं मी म्हणणार नाही, पण तिथे ठरलेलं पुढच्या पाच वर्षांना पुरावं, नवा सरपंच आला तरी टिकावं, अशी सोय आपण केलेली नाही. दोन-तीन ग्रामपंचायतींनी मिळून पऱ्याचा एक सामाईक आराखडा करावा आणि तो प्रत्येक ग्रामसभेत मंजूर व्हावा, एवढं तरी व्हायला हवं.

पाणी अडल्यावर काय होतं ते लगेच दिसतं. काही दिवसांत जवळच्या विहिरीची पातळी हातभर वर येते. गुरांना पाणी मिळतं, कपडे धुवायला लांब जावं लागत नाही. काठाच्या वाफ्यांत माठ, मुळा, वांगी, पावटा लागतो आणि माकडांच्या तावडीतून वाचलेली भाजी जाकादेवीच्या बाजारात जाते. नव्यानं लावलेल्या कलमांना पहिल्या उन्हाळ्यात चार घागरी मिळाल्या तर ती जगतात. जांभा झिरपरा, त्यामुळे पाणी मेपर्यंत टिकत नाही. पण टँकर येण्याची वेळ काही आठवडे पुढे गेली, तरी त्या आठवड्यांची किंमत कळशी उचलणारीला विचारावी.

मला खरं बोलायचं आहे ते मे महिन्याबद्दल. बंधारा घालायला माणसं जमतात, फोटो निघतात, आकडे वर जातात. पण तो काढायला कोण जमतं? सिमेंटचं पोतं प्लॅस्टिकचं असतं. उन्हानं माथ्यावरची पोती ठिसूळ होतात, हात लावला की चुरा पडतो. जूनमध्ये पऱ्या भरून आला की बंधारा फुटतो आणि पोत्यांच्या चिंध्या खाली वाहतात, कलमांच्या मुळांत अडकतात, खाडीच्या कांदळवनात अडकतात आणि उरलेल्या समुद्रात जातात. पावसाळ्यानंतर मालगुंडच्या पुळणीवर फिरताना वाळूतून निघणारे पांढरे, चपटे दोरे बघा. ते सगळे बंधाऱ्यांचेच आहेत असं नव्हे, पण त्यात आपलेही आहेत.

आणि त्याच पुळणीवर नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या अंडी घालायला येतात. कासवांचं काम हे गावांच्या सहकार्याचं कोकणातलं मोठं उदाहरण आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये वेळासला सुरुवात केली. आता वनविभाग, कांदळवन कक्ष आणि गावोगावचे कासवमित्र मिळून किनाऱ्यावरची घरटी शोधतात, अंडी कुंपणातल्या सुरक्षित जागेत हलवतात, पिल्लं समुद्रात सोडतात. २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह टॅग लावलेली बागेश्री नावाची मादी दक्षिणेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. एका प्राण्यासाठी एवढ्या गावांना एकत्र यावं लागतं, तर त्याच किनाऱ्यावर उतरणाऱ्या पऱ्यावर आपण एकमेकांना विचारल्याशिवाय प्लॅस्टिक कसं सोडतो? कासवमित्र पहाटे वाळू तपासतो आणि सड्यावरचा माणूस पोती भरतो, ही दोघांची कामं एकाच पाण्यावरची आहेत. त्यांची गाठ अजून फारशी पडलेली नाही.

यंदा पोती परत काढण्याचं बोलणं बंधारा घालतानाच झालं. वहीत दर बंधाऱ्याला किती पोती लागली ते लिहिलंय. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिल्या वळवाच्या आत, पोती वरून खाली या क्रमानं सोडायची आणि माती पात्रातच पसरायची. तोपर्यंत पाणी आटलेलं असतं, त्यामुळे काम हलकं. धड पोती धुऊन, वाळवून पुढच्या दिवाळीसाठी शाळेच्या पडवीत ठेवायची. फाटकी वेगळी बांधून भंगारवाल्याला द्यायची. पोती मोजून देण्याची जबाबदारी वरच्या वाडीची, टेम्पोचं भाडं खालच्या गावाचं. तात्यांनी एकच अट घातली आहे: वहीतला आकडा आणि पडवीतला आकडा यांच्यात जितकी पोती कमी पडतील, तितकी शोधायला दोन्ही गावांची पोरं पऱ्यात उतरणार, थेट खाडीच्या तोंडापर्यंत.