बोगनवेलीचं खरं फूल

बाळांनो, बोगनवेलीचं फूल कुणी कुणी पाहिलंय? सगळ्यांचे हात वर! लातुरात काय नि नांदेडात काय, माघ सरला की कुंपणावर, गच्चीवर, रस्त्याच्या दुभाजकावर तिचाच राणी रंग. पण मी सांगतो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिचं फूल अजून पाहिलेलंच नाही.

जा, एक झुपका तोडून आणा. काटे जपा हं! त्यांच्याच आधारानं ती झाडावर चढते. आणलात? आता त्या रंगीत कागदावर बोट फिरवा. मधोमध एक शीर, तिला बाजूच्या शिरा, त्यांची जाळी. अशी जाळी कुठं पाहिलीत? पानावर! बरोबर. ते पानच आहे, रंगलेलं. शास्त्रात त्याला छद म्हणतात. आता आत डोकावा. प्रत्येक छदाला चिकटून एक बारीक नळी आहे, तिच्या टोकाला इवलीशी पांढरी चांदणी. तेच फूल! तीन छद, तीन फुलं. आणि गंमत अशी की, ती चांदणीसुद्धा पाकळ्यांची नाही, निदलपुंजाची, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या वेढ्याची आहे. आपली संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी याच कुळातली. पाकळ्या तिलाही नाहीत.

मग हा खटाटोप कशासाठी? माळेगावच्या जत्रेत लहानसा दुकानदारही पालावर मोठी रंगीत पताका लावतो, तसंच हे. एवढंसं फूल फुलपाखराला लांबून कसं दिसणार? म्हणून वेलीनं शेजारची पानंच रंगवली. बरं, फूल सुकलं तरी छद गळत नाही. फळ धरलंच तर हाच हलका कागद त्याचा पंख होतो आणि वारा त्याला दूर नेतो.

तो रंगही वेगळाच. जास्वंदीचा नि गोकर्णीचा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा असतो. बोगनवेलीत असतात बीटालेन, म्हणजे बीटाच्या घरातली रंगद्रव्यं. लाल राजगिरा, कोंबड्याचा तुरा, मायाळूची जांभळी फळं, बांधावरच्या निवडुंगाची लालभडक बोंडं, या सगळ्यांत तीच. दिसायला एकमेकांसारखी नाहीत, पण ही सगळी एकाच मोठ्या गोताची मंडळी.

हिचं माहेर मात्र दक्षिण अमेरिका. लुई आंत्वान द बुगँव्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता. 1767 साली त्याची जहाजं ब्राझीलला लागली. बरोबरच्या कोमेर्सों नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं तिथं ही वेल गोळा केली आणि नाव दिलं आपल्या कप्तानाचं. कोमेर्सोंची मदतनीस होती झान बारे. तेव्हा फ्रेंच नौदलाच्या जहाजावर बायकांना बंदी, म्हणून ती पुरुषवेशात चढली होती. पुढं तीच पृथ्वीला फेरी घालणारी, आपल्याला माहीत असलेली पहिली स्त्री ठरली. मुलींनो, हे नाव लक्षात ठेवा.

आता आपल्या मुलखाकडं येऊ. तुम्हाला आठवणार नाही, कुणी तर जन्मलेलंही नसेल. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. एप्रिलमधल्या पहिल्या खेपेला 10 वाघिणी आल्या, 5 लाख लिटर पाण्याच्या. अशा गावात बाग फुलवायची तर झाडही तसंच हवं. बोगनवेलीला मुबलक पाणी नि खत घाला, ती नुसती पानांनी माजते. पाणी तोडा, मग बघा! नव्या पालवीची वाढ थांबते आणि उन्हात तयार झालेलं अन्न ती फुलोऱ्याकडं वळवते. किनवट-माहूरच्या रानातला पळसही काटकसरीच. उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकून देतो आणि उघड्या फांद्यांवर केशरी फुलं धरतो.

तर काम सांगतो. यंदा पावसाळ्यात बोगनवेलीची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब कांडी प्रत्येकानं लावायची. आपल्याकडं हिला बी क्वचितच धरतं, म्हणून कांडीच बरी. जागा भरउन्हाची हवी, तळाशी पाणी तुंबता कामा नये. मुळं धरेपर्यंत ओल सांभाळा. पुढं झाड चांगलं रुजलं की पानं जराशी मलूल झाल्यावरच पाणी द्या. बहर ओसरला की छाटणी करा, कारण फुलं नव्या फुटव्यावर येतात. आणि मराठवाड्यात पाणी नाही म्हणून बाग फुलत नाही, असं कुणी म्हणालं, तर त्याला हात धरून बोगनवेलीपाशी न्या आणि खरं फूल दाखवा.