चार खिळे आणि चार चाकें

मुलांच्या खेळांत शास्त्र शिकविण्याचें सामर्थ्य किती असतें, हें ज्यांना पाहावयाचें असेल त्यांनीं अमेरिकेंतील ‘पाइनवुड डर्बी’ या शर्यतीकडे पाहावें. इ. स. १९५३ सालीं कॅलिफोर्नियांतील मॅनहॅटन बीच या गांवीं डॉन मर्फी नामक गृहस्थांनीं ती सुरू केली. आंत बसून चालवावयाच्या गाड्यांची ‘सोप बॉक्स डर्बी’ तेथें लोकप्रिय होती. पण मर्फींचा मुलगा तिच्यासाठीं वयानें लहान पडत होता. बापलेकांना घरीं बसून मिळून करतां येईल अशी एखादी स्पर्धा असावी, हा त्यांचा हेतु. आज बालवीर संस्थेच्या ‘कब’ शाखेंतील मुलें आणि मुलीहि या शर्यतींत भाग घेतात.

साहित्य अगदीं थोडें. पाइन लांकडाचा सुमारें ७ इंच लांबीचा ठोकळा, प्लॅस्टिकचीं चार चाकें आणि आंसाच्या जागीं चार खिळे. तयार गाडीचें वजन बहुधा ५ औंसांहून अधिक चालत नाहीं. तिला इंजिन नाहीं कीं किल्ली नाहीं. उतरत्या मार्गावरून ती केवळ गुरुत्वाकर्षणानें धांवते, आणि तीन-चार सेकंदांत निकाल लागतो. उंचीमुळें मिळालेली शक्ति ही गाडीची शिदोरीच होय. ती घर्षणापायीं वाटेंत जिची कमी सांडेल, ती गाडी पुढें जाते. म्हणून खरी मेहनत रंगावर नव्हे, तर आंसावर आणि चाकावर करावयाची असते.

खिळा दिसावयास गुळगुळीत असतो. परंतु भिंगांतून पाहिल्यास यंत्रानें तार दाबून धरल्याचे कंगोरे त्याच्या माथ्याखालीं आढळतात. प्रथम बारीक कानशीनें ते काढावे. मग खिळा ड्रिलच्या जबड्यांत धरून फिरवावा व पॉलिशकागदाची ओली पट्टी त्याच्यावर हलकेंच धरावी. आधीं जाड, मग बारीक, शेवटीं अतिबारीक अशा क्रमानेंच कागद बदलावे. मधली पायरी गाळल्यास आधींचे ओरखडे तसेच राहतात. आरशासारखी चमक आली म्हणजे थांबावें.

चाकें सांच्यांतून निघतात, तेव्हां कडेला प्लॅस्टिकचा बारीक उंचवटा राहतो. तो अलगद घासून काढावा. जोर दिल्यास उष्णतेनें प्लॅस्टिक मऊ होऊन चाकाचा गोलावा बिघडतो. चाकाचा मूळ आकार बदलण्यास बहुतेक ठिकाणीं नियमानें मनाई असते, हेंहि ध्यानांत ठेवावें.

बैलगाडीच्या आंसाला आपण तेलकट वंगण घालतों. येथें मात्र कोरडी ग्राफाइटची पूड वापरतात. शिसपेन्सिलीच्या कांडींत असतो तोच हा पदार्थ. त्याचे सूक्ष्म पापुद्रे एकमेकांवरून सहज घसरतात, आणि तेलाप्रमाणें त्यावर धूळ चिकटून बसत नाहीं. चाकाच्या भोकांत पूड भरून तें आंसावर पुनःपुन्हां फिरवावें, म्हणजे तिचा थर बसतो. खिळा ठोकळ्यांत बसवितांना चाकाला पत्त्यांच्या दोन-तीन पानांइतकी मोकळीक ठेवावी. अखेरीस गाडी सपाट फळीवरून सोडून पाहावी. ती एका बाजूस वळत असेल तर खिळा किंचित् फिरवून सरळ करावी, नाहीं तर ती मार्गावरील मधल्या पट्टीला घांसून वेग गमावते.

एवढें सारें सांगितल्यावर एक प्रश्न उरतो : हें काम करावयाचें कोणीं? ड्रिल वडिलांनीं सांभाळावें हें योग्यच. लहानाच्या हातीं तें एकटें देऊं नये. पण कागदाची पट्टी मुलानें धरावी, चमक त्यानें पाहावी, चाक त्यानें फिरवावें. जिंकण्याच्या हौसेनें सगळी गाडी स्वतःच करणारे पालक तेथेंहि आहेत. आपल्याकडे शाळेच्या प्रदर्शनाची वस्तु रात्रीं जागून करून देणारे काका-मामा कांहीं कमी नाहींत. अशानें बक्षीस घरीं येतें, परंतु हातांतलें कसब येत नाहीं. मुलानें घासलेला खिळा थोडा कमी चमकला तरी चालेल. तो कां चमकवावयाचा हें त्याला कळलें, म्हणजे खेळाचें सार्थक झालें.