बालचित्रवाणी

बालचित्रवाणी ही शालेय मुलांसाठी मराठीतून दूरचित्रवाणी कार्यक्रमांची निर्मिती करणारी पुण्यातील शासकीय संस्था होती. तिचे अधिकृत नाव राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था असे होते. जानेवारी १९८४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था मे २०१७ च्या अखेरीस बंद करण्यात आली. सार्वजनिक प्रसारणात मुलांसाठी स्वतंत्र, नियमित आणि मातृभाषेतील निर्मिती कशी उभी राहते आणि ती कशामुळे खंडित होते, हे या संस्थेच्या वाटचालीतून स्पष्ट होते.

पार्श्वभूमी

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले आणि १९६१ मध्ये तेथील शाळांसाठी नियमित पाठ प्रसारित होऊ लागले. १९७५-७६ या वर्षात 'साइट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसवण्यात आले. त्यावर सकाळी शाळकरी मुलांचे कार्यक्रम दाखवले जात. या सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते. त्याच्या 'किलबिल' या बालकार्यक्रमाने मराठी मुलांच्या मनात घर केले. तथापि त्याचे स्वरूप मुख्यत्वे रंजनाचे होते.

ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात सोडण्यात आला आणि शैक्षणिक प्रसारणाला कायमस्वरूपी साधन मिळाले. त्यासाठी महाराष्ट्र, गुजरात, आंध्र प्रदेश, ओडिशा, बिहार आणि उत्तर प्रदेश या सहा राज्यांची निवड झाली. तेथे राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन झाल्या. महाराष्ट्रातील संस्था 'बालचित्रवाणी' या नावाने परिचित झाली.

कार्यक्रमांची निर्मिती

या योजनेत मुलांचे ५ ते ८ आणि ९ ते ११ वर्षे असे दोन वयोगट मानले होते. प्रत्येक गटासाठी साधारण २० मिनिटांचा कार्यक्रम असे. शनिवारचे प्रसारण शिक्षकांसाठी राखून ठेवलेले होते. हिंदी, मराठी, गुजराती, ओडिआ आणि तेलुगू या पाच भाषांत हे कार्यक्रम होत.

बालकार्यक्रम म्हणजे कॅमेऱ्यापुढे घेतलेला वर्गपाठ नव्हे. प्रथम विषयतज्ज्ञ आशय निश्चित करतात: कोणती संकल्पना, कोणत्या वयासाठी आणि मुलांना आधीपासून काय ठाऊक आहे. त्यानंतर लेखक संहिता तयार करतो आणि निर्माता तिचे दृश्यरूप ठरवतो. बाहुल्या, गोष्ट, गाणे, प्रयोग, प्रत्यक्ष स्थळावरील चित्रण किंवा नाट्यीकरण यांपैकी कोणती रीत निवडायची, हे विषयावर अवलंबून असते. बीज रुजण्याची क्रिया, नदीचा उगम किंवा हृदयाचे स्पंदन फळ्यावर दाखवणे अवघड असते. तेथे चित्राचा खरा उपयोग होतो. चित्रीकरण, संकलन व ध्वनिमुद्रण झाल्यावर कार्यक्रम मुलांना दाखवून तो त्यांना समजतो का, हे तपासणे हा या पद्धतीचा महत्त्वाचा टप्पा असतो.

लहान मुलांसाठी भाषेचा प्रश्न विशेष नाजूक असतो. वाक्ये छोटी आणि शब्द परिचित हवेत; चित्र आणि निवेदन यांनी एकच गोष्ट सांगायला हवी. पुण्यात ध्वनिमुद्रित झालेले निवेदन खानदेशातील, कोकणातील आणि मराठवाड्यातील मुलांना सारखेच उमगले पाहिजे, ही अट पाळणे सोपे नसते.

प्रक्षेपण आणि पोहोच

बालचित्रवाणीचे कार्यक्रम दूरदर्शनवरून प्रसारित होत. मराठवाड्यात खुलताबादजवळील म्हैसमाळच्या डोंगरावर दूरदर्शनचा प्रक्षेपण मनोरा आहे. परंतु मनोरा असला म्हणजे कार्यक्रम वर्गात पोहोचलाच असे होत नाही. कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या डोंगरपायथ्याच्या गावात कार्यक्रम पाहायचा, तर शाळेकडे चालू स्थितीतील संच आणि अँटेना हवी, त्या वेळी वीज हवी आणि प्रसारणाची घटका शाळेच्या वेळापत्रकात बसायला हवी. यांपैकी एक गोष्ट नसली तरी कार्यक्रम वाया जाई; कारण चुकलेला भाग पुन्हा पाहण्याची सोय त्या काळी नव्हती. एकतर्फी प्रसारणाची ही मूलभूत मर्यादा होती.

निधी आणि समाप्ती

सुरुवातीला संस्थेचा खर्च केंद्र शासन उचलत असे. पुढे केंद्राचे साहाय्य थांबले आणि भार राज्याकडे आला. निर्मिती मंदावली, तसेच कर्मचाऱ्यांचे वेतन दीर्घकाळ थकले. अखेर २०१७ मध्ये राज्य शासनाने संस्था बंद केली. दरम्यान पाठ्यपुस्तक मंडळाने 'ई-बालभारती'द्वारे डिजिटल शैक्षणिक साहित्याची निर्मिती हाती घेतली होती.

प्रसार भारती अधिनियम, १९९० मध्ये मुलांच्या हिताच्या रक्षणासाठी विशेष उपाय योजणे हे महामंडळाचे एक कर्तव्य मानले आहे. मात्र कायद्यातील कर्तव्य आणि निर्मितीसाठी लागणारा कायमचा निधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बालचित्रवाणीच्या अनुभवावरून दिसते.

नंतरचा काळ

संस्था बंद झाल्यानंतर तीनच वर्षांनी कोविड-१९ च्या साथीमुळे शाळा बंद राहिल्या. स्मार्टफोन व इंटरनेट नसलेल्या घरांतील मुलांसाठी दूरचित्रवाणी पुन्हा आवश्यक ठरली. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका प्रसारित झाली. घरातील व परिसरातील वस्तू वापरून कुटुंबीयांसह शिकणे हे तिचे सूत्र होते. सार्वजनिक वाहिनी उपलब्ध असल्यामुळे ही मालिका मुलांना विनामूल्य पाहता आली. तिची निर्मिती मात्र शासनाच्या कायमस्वरूपी बालनिर्मिती संस्थेने नव्हे, तर बाहेरील संस्थेने केली होती.