वेव्हटेबल सिंथ निवडताना
वेव्हटेबल सिंथेसायझरमध्ये ध्वनिलहरीच्या एकेका आवर्तनाचे नमुने एका तक्त्यात ओळीने साठवलेले असतात. एकावरून दुसऱ्यावर सरकत गेले की स्वर तोच राहून आवाजाचा पोत बदलतो. जर्मनीतील वोल्फगांग पाम यांच्या पीपीजी कंपनीने १९८०च्या सुमारास हे तंत्र वाद्यांत आणले. आता ते संगणकावर सॉफ्टवेअर सिंथच्या रूपातही मिळते.

अशा सॉफ्टवेअर सिंथपैकी ‘सीरम’ (२०१४) विकत घ्यावा लागतो. त्याच्या एका तक्त्यात प्रत्येकी २०४८ बिंदूंच्या २५६ लहरी मावतात. ‘व्हायटल’ची (२०२०) मूळ आवृत्ती मोफत आहे आणि जवळा बाजारसारख्या गावात घरीच लॅपटॉपवर गाणी बांधणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी. मात्र ‘व्हायटल’च्या पडद्यावरच्या हलत्या आकृत्या ग्राफिक्सवर भार टाकतात, म्हणून जुन्या यंत्रावर मोफत, मुक्तस्रोत ‘सर्ज एक्सटी’ बरा.

खरी गंमत स्वतःचा तक्ता करण्यात आहे. सनईचा एक लांब, स्थिर सूर ध्वनिमुद्रित करून व्हायटल किंवा सीरममध्ये टाकला, की त्यातून आपल्या मातीचा नवा आवाज घडवता येतो. हलगीचा ठोका मात्र असा वापरू नये. त्यात टिकून राहणारे आवर्तन नसते, त्यामुळे त्याचा जोर हरवतो. त्यासाठी साधा सॅम्पलरच योग्य.