तुपाची वाटी आणि रुसलेला बंड्या

नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली असते. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस बाबा म्हणून. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी रोज संध्याकाळी हाच प्रसंग घडत होता. फरक इतकाच, की आमच्या बंड्याने पोळी पळवलेली नसायची. ती वाटीतच असायची, तूप लावून, कुस्करून. बंड्या तिच्याकडे पाठ करून दाराशी बसलेला, आणि सासूबाई वाटी हातात धरून त्याच्यासमोर उकिडव्या. "एवढा एकच घास खा रे सोन्या." तो तोंड फिरवायचा. मग फ्रीज उघडला जायचा आणि पनीर निघायचं. फ्रीजच्या दाराचा आवाज आला की बंड्याचे कान मात्र लगेच उभे.

बंड्या गावठी आहे. तेव्हा सात महिन्यांचा होता, वजन १३ किलो. तीन महिन्यांचा असताना हाच प्राणी रिकामी वाटी चाटत चाटत सोफ्याखाली ढकलत न्यायचा. सहाव्या महिन्यानंतर हुंगून निघून जायला लागला. त्याला चवीचा कंटाळा आला असणार, असं आम्ही ठरवलं. दोनदा खाद्याचा ब्रँड बदलला. प्रत्येक नवा ब्रँड त्याने दोन दिवस चाटूनपुसून खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी परत पाठ फिरवली. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याला टेबलावर उभं केलं, ताप बघितला, हिरड्या बघितल्या, बरगड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "दिवसभरात याच्या तोंडात काय काय जातं ते लिहून आणा. घरातल्या प्रत्येकाने लिहायचं. खरं."

ती यादी वाचण्यासारखी होती. सकाळच्या चहाबरोबर नवऱ्याकडून चार ग्लुकोज बिस्किटं. दुपारी सासूबाईंकडून तूप लावलेली एक पोळी. मुलीकडून चीजचा एक क्यूब. खाली फिरायला गेल्यावर वॉचमनकाकांकडून अर्धा पाव, ज्याचा पत्ता आम्हाला यादीच्या निमित्तानेच लागला. बेरीज केली तर साधारण ३५० किलोकॅलरी. त्याच्या वयाच्या आणि वजनाच्या कुत्र्याला दिवसाला लागतात साधारण ८५०. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त जेवण वाटीपर्यंत पोचण्याआधीच झालेलं. वरचं खाणं दिवसाच्या गरजेच्या १० टक्क्यांत बसवावं, असं पशुवैद्य सांगतात. त्या हिशोबात चार बिस्किटं बसतात, पोळी बसत नाही. बंड्या उपाशी नव्हताच. जेवून आलेला पाहुणा पंगतीत बसवला, तर तो पानाशी चिवडतच बसणार.

त्यात या वयाची स्वतःची एक गंमत आहे. दूध सुटलेल्या पिल्लाला दर किलो वजनामागे मोठ्या कुत्र्याच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. पूर्ण वजनाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत पोचलं की हे प्रमाण सव्वापटीच्याही खाली येतं. मध्यम आकाराची कुत्री सहा-सात महिन्यांत या टप्प्याला येतात. वाढीचा वेग उतरतो, तशी भूकही उतरते, आणि नेमकं तेव्हाच घरातल्यांच्या काळजात धस्स होतं, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर वाटी ढकलत नेणारं पिल्लू असतं. मादी असेल तर पहिल्यांदा माजावर येण्याचे दिवसही याच सुमाराला येतात आणि तेव्हा खाणं कमी होतं. गल्लीत कुठे मादी माजावर असेल तर नरांचंही जेवणात लक्ष नसतं. त्याच्या थोडं आधी, चौथ्या ते सातव्या महिन्यात, दुधाचे २८ दात पडून कायमचे ४२ येतात. हिरड्या ठणकत असताना कोरडे, टणक दाणे नको वाटणं साहजिक आहे. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून दिले की तो प्रश्न मिटतो.

मग चवीचा कंटाळा? माणसाच्या जिभेवर सुमारे नऊ हजार स्वादकलिका असतात, कुत्र्याच्या जिभेवर सुमारे सतराशे. त्याचं जेवण नाकाने सुरू होतं. पाव्हलॉव्ह म्हटलं की आपल्याला घंटा आणि लाळ आठवते, पण त्यांना १९०४चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. अन्न पोटात पोचायच्या आधीच, नुसतं दिसल्याने आणि हुंगल्याने कुत्र्याच्या जठरात रस सुटायला लागतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. (हा जठररस गोळा करून त्यांची प्रयोगशाळा अपचनावरचं औषध म्हणून विकायचीसुद्धा. पुणेकरांनी याहून वाईट काढे प्यायले आहेत.) फ्रीजमधलं थंडगार खाणं कुत्र्याला का नको असतं, याचं उत्तर इथे आहे. थंड अन्नाचा वास फारसा सुटत नाही. अंगाइतकं कोमट केलं की तेच अन्न वेगळं होतं.

वासावरून आणखी एक. दहा किलोची पिशवी स्वस्त पडते म्हणून आपण आणतो, आणि पावसाळाभर ती चिमटा लावून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडून असते. दाण्यांवरची चरबी दमट हवेत खवट होते. खोबऱ्याचा खवटपणा आपल्याला कळतो, दाण्यांचा कळत नाही. कुत्र्याला कळतो. मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं आणि महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच आणावं. नव्या ब्रँडची दोन दिवसांची जादू हाही नव्या वासाचाच खेळ. शिवाय एकदम खाद्य बदललं की जुलाब होतात. बदलायचंच असेल तर आठ-दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत बदलावं.

पण बंड्याचं खरं दुखणं वासाचं नव्हतं, शिकवणीचं होतं. पहिल्या दिवशी त्याने तोंड फिरवलं तेव्हा तूप आलं. दुसऱ्या दिवशी तुपाला नाही म्हटल्यावर पनीर आलं. कधी काहीच आलं नाही, कधी थेट चिकन आलं. मटक्याचा आकडा कधीतरी लागतो म्हणून तर माणूस रोज लावतो. बंड्याही रोज लावत होता. चोखंदळपणाचा शिक्का आम्ही त्याच्यावर मारला, पण तो फक्त पुढचा भाव काय येतो याची वाट बघत होता. आणि भाव आम्हीच चढवत होतो.

डॉक्टरांनी सांगितलेला उपाय ऐकायला सोपा होता. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी वाटी ठेवायची. पंधरा मिनिटांनी, खाल्लं असो वा नसो, एक शब्द न बोलता उचलायची. पुढच्या वेळेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. आर्जवं नाहीत, चिऊ-काऊचे घास नाहीत. पहिल्या संध्याकाळी बंड्याने नेहमीप्रमाणे पाठ केली. वाटी उचलली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चार दाणे खाऊन फ्रीजपाशी जाऊन बसला. सासूबाई त्या पंधरा मिनिटांत गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. "मला बघवत नाही," म्हणाल्या. रात्री त्याने वाटी संपवली.

हा हट्ट कुणाशी करायचा नाही, तेही नीट समजून घ्यायला हवं. चार महिन्यांखालचं पिल्लू आणि अगदी लहान चणीच्या जातींची पिल्लं उपाशी राहिली की रक्तातली साखर झपाट्याने उतरते. त्यांना दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतंच. पिल्लू खात नाही आणि उलट्या-जुलाब करतंय, तर पार्व्हो या विषाणूच्या आजाराची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आपल्याकडे गोचिडतापही काही कमी नाही. कालपर्यंत खाणारा कुत्रा आज मलूल आहे, अंग तापलंय, हिरड्या पांढुरक्या दिसतायत, तर कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. सापडली नाही तरी रक्त तपासून घ्या. नखरेबाज कुत्रा फ्रीज उघडला की उठतो. आजारी कुत्रा उठत नाही. आणि पूर्ण एक दिवस कुठल्याच कुत्र्याने काही खाल्लं नाही, तर तो नखरा समजू नये.

कुत्रा खरंच रोडावलाय का, हे बघायची एक युक्ती डॉक्टरांनी शिकवली. हाताची मूठ वळा आणि उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा. बरगड्या अशा टोचत असतील तर तो बारीक आहे. तळहातावरून बोट फिरवल्यासारखं गुबगुबीत लागत असेल तर जाड. हात सरळ ठेवून पाठच्या बाजूने बोट फिरवल्यावर हाडं जशी हलकेच लागतात, तशा बरगड्या लागल्या की बरोबर. बंड्या तिसऱ्या प्रकारातच होता. कारवान किंवा मुधोळसारख्या शिकारी जातींच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या तर नुसत्या डोळ्यांनाही दिसतात आणि त्या तशाच दिसायला हव्यात.

राहता राहिलं घरचं जेवण. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. माणसाच्या उकिरड्यावर हजारो वर्षं काढल्याचा हा वारसा. त्यामुळे भात-पोळी त्याला पचते. पण वाढत्या कुत्र्याला नुसत्या दूध-पोळीत पुरेशी प्रथिनं मिळत नाहीत, आणि नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम मिळत नाही. घरचंच द्यायचं असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून बांधून घ्यावं. शिजवलेली हाडं देऊ नयेत, त्यांच्या ढलप्या आतडी फाडतात. खावं म्हणून वाटीत आमटी ओतणं तर सर्वांत वाईट. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. द्राक्षं-मनुक्यांनी मूत्रपिंडं निकामी होतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्यातलं टार्टारिक आम्ल हे त्याचं कारण असावं असं आता मानलं जातं, आणि आपल्या चिंचेत ते भरपूर असतं. चिंचेमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदी पशुवैद्यकात आहेत.

बंड्या आता अकरा महिन्यांचा आहे, सोळा किलोचा. चार मिनिटांत वाटी साफ करतो. वॉचमनकाकांना मी स्वतः जाऊन सांगून आले, ते आता पावाऐवजी पाठ थोपटतात. बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर गेलाय. सासूबाईंची पोळी मात्र बंद झालेली नाही. चतकोर, बिनतुपाची, रोज संध्याकाळी वाटी रिकामी झाल्यानंतर.