गृध्रसी, म्हणजे कंबरेतून पायात उतरणारी कळ

बैल लंगडू लागला म्हणजे आपण त्याचा खूर उचलून पाहतो, गुडघा चाचपतो, खांद्यापर्यंत हात फिरवितो व दुखणे नेमके कोठे आहे ते हुडकून काढतो. तोच मनुष्य स्वतःच्या पोटरीत कळ निघाली म्हणजे मात्र पोटरीसच तेल चोळीत बसतो. पोटरीत काहीच बिघडलेले नसते. बिघाड असतो कंबरेत, वीतभर नव्हे तर चांगला दोन हात वर. ही एक गोष्ट ध्यानात न आल्यामुळे आमच्या शेतकरी वर्गाचा किती पैसा व किती हंगाम वाया जातात याची गणती नाही. यास्तव या दुखण्याची थोडी फोड करून सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

दुखण्याची ओळख सोपी आहे. कळ कुल्ल्यात उठते, मांडीच्या मागील अंगाने खाली उतरते, पोटरीतून घोट्यास व कित्येकदा पायाच्या बोटापर्यंत पोचते. बहुधा एकाच पायास होते. खोकला अथवा शिंक आली, शौचास कुंथावे लागले, की विजेसारखी चमक जाते. मुंग्या येतात, कातडी बधिर वाटते. उभे राहण्यापेक्षा बसणे अधिक जाचते. गावात यास 'शीर धरली' म्हणतात, दवाखान्यात सायटिका म्हणतात, आणि आपल्या जुन्या वैद्यकात याचे नाव गृध्रसी असे आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या अध्यायात कुल्ल्यापासून कंबर, मांडी, गुडघा, पोटरी व पाऊल अशा क्रमाने जाणाऱ्या या पीडेचे वर्णन आहे, आणि सुश्रुताने पाय उचलण्यास होणारा अटकाव नोंदविला आहे. आजचा डॉक्टरही रोग्यास उताणे निजवून, गुडघा न वाकविता पाय वर उचलून पाहतो व साधारण तीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान कळ पायात उतरली म्हणजे हेच दुखणे असावे असे अनुमान करतो.

येथे उसण व गृध्रसी यांतील भेद सांगितला पाहिजे. वाकताना कंबरेत चमक भरते, मनुष्य वाकडा होतो, पण कळ कंबरेतच राहते, ती उसण. ती चार-आठ दिवसांत बहुधा आपोआप जाते. आणि पायाळू माणसाच्या लाथेस जे यश मिळते त्याचे रहस्य हेच आहे. लाथ न मारताही ती गेलीच असती! परंतु गुडघ्याच्या खाली कळ उतरत असेल तर अशी लाथ, किंवा पाठीवर मूल नाचविणे, किंवा कोणा हाडवैद्याकडून कंबर कडाकडा मोडून घेणे, हे प्रकार कटाक्षाने टाळावेत.

आता कारण. पाठीच्या कण्यात एकावर एक रचलेले मणके असतात व त्यांच्या मध्ये लवचिक चकत्या असतात. चकतीच्या बाहेरील कडे चिवट धाग्यांचे व आतील गाभा मऊ असतो. पुरणपोळी एका अंगाने दाबली असता दुसऱ्या अंगाने पदर फाटून पुरण बाहेर यावे, तसाच हा प्रकार होतो. मनुष्य पुढे वाकून ओझे उचलतो तेव्हा चकतीच्या पुढील बाजूस दाब बसतो आणि गाभा मागे रेटला जातो. मागे तर मज्जातंतूंची मुळे असतात. कंबरेच्या शेवटच्या दोन चकत्यांवर सर्वांत जास्त भार येतो व बहुतेक वेळा त्यांपैकीच एक फाटते. तेथून निघणारी मुळे एकत्र होऊन शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू बनतो. तो कुल्ल्यातून पायात उतरतो. मूळ वर चेपले व सुजले, तरी मेंदूस वाटते की दुखणे पावलातच आहे. विहिरीवरील मोटारीपाशी नळी दबली तर पाणी शेवटच्या वाफ्यात कमी पडते. वाफा उकरून काय उपयोग?

हे दुखणे मज्जातंतूचे आहे, सांध्याचे नव्हे, हा भेद नेपल्स येथील डोमेनिको कोतुन्यो या वैद्याने १७६४ साली ग्रंथ लिहून दाखविला. परंतु मज्जातंतूस दाबतो कोण, हे कोडे पुढे पावणेदोनशे वर्षे नीट सुटले नाही. बॉस्टन येथील मिक्स्टर व बार या दोघा डॉक्टरांनी १९३४ साली फाटलेल्या चकतीकडे बोट दाखविले, तेव्हा उलगडा झाला.

ओझ्याचा हिशेब शेतकऱ्यास पहारीवरून चटकन समजेल. युरियाची गोणी २०१८ सालापासून ४५ किलोची आहे. ती अंगापासून ४० सेंटिमीटर पुढे धरून कोणी उचलली, तर टेकू असतो चकतीचा, आणि मागून ओढणारे पाठीचे स्नायू त्या टेकूपासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात. म्हणजे स्नायूंस आठपट ओढावे लागते. ४५ ला आठने गुणिले की ३६० किलो झाले. आणि यात वाकलेल्या धडाचे स्वतःचे वजन अद्याप धरलेलेच नाही. हा हिशेब ढोबळ आहे, पण खोटा नाही. तीच गोणी छातीशी कवटाळून उचलली तर हे अंतर निम्म्याने घटते व त्याबरोबर भारही घटतो. गुडघे वाकवून उचला हा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. परंतु गुडघे वाकवूनही गोणी अंगापासून दूर धरली तर लाभ फारसा नाही. आमच्या मते 'अंगाशी धरा' हा नियम पहिला, आणि उचललेल्या ओझ्यासह कंबर पिळू नका हा दुसरा. पिळावयाचे असेल तर पावले फिरवावीत.

एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. रात्री निजल्यावर चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा एखादा सेंटिमीटर जास्त भरते. फुगलेली चकती वाकताना अधिक ताणली जाते. आणि शेतकऱ्याचा दिवस तर उठताक्षणी गोठ्यात वाकून शेण काढण्याने सुरू होतो! ज्यास हे दुखणे एकदा होऊन गेले आहे त्याने उठल्यावर पहिला तासभर वाकण्याची कामे टाळावीत; आधी हिंडावे, गुरांस पाणी दाखवावे, धार उंच पाटावर बसून काढावी, शेण मागाहून काढावे. घरातील स्त्रियांसही हेच लागू आहे. लावणी व खुरपणीत दिवसदिवस त्यांच्याच कमरा वाकलेल्या असतात, पण दुखणे अंगावर काढण्याची सवय त्यांना अधिक. ट्रॅक्टरच्या बैठकीचे हादरेही कंबरेस बाधतात. तासा-दीड तासाने उतरून चार पावले चालावे, आणि उतरल्याबरोबर लगेच जड काही उचलू नये.

आता उपाय. प्रथम आनंदाची बातमी ही की, हे दुखणे बहुतेकांचे शस्त्रावाचून बरे होते. फाटून बाहेर आलेला गाभा शरीर स्वतःच हळूहळू विरवून टाकते, आणि चमत्कार असा की मोठा, सुटा झालेला तुकडाच पुष्कळदा अधिक विरतो. यास लागणारा काळ मात्र आठवड्यांचा आहे, दिवसांचा नव्हे. सहा ते बारा आठवडे धीर धरावा लागतो. याच काळात माणूस घायकुतीस येऊन चार ठिकाणी फिरतो, आणि शेवटच्या ठिकाणी गेला असता गुण आला म्हणून त्याचे नाव गाजते.

पूर्वी डॉक्टरही तीन-तीन आठवडे अंथरुणास खिळवून ठेवीत. नेदरलँड्समध्ये १८३ रोग्यांवर झालेल्या व १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निम्म्यांस दोन आठवडे निजवून ठेविले व निम्म्यांस हिंडूफिरू दिले. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत शेकडा ८७ जणांस सारखाच गुण आला होता. निजून राहण्याने काही मिळाले नाही. हंगाम असता तर बुडाला मात्र असता. सबब कळ असह्य असेल ते दोन-तीन दिवस पडून राहावे, कुशीवर निजताना गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यावी, अथवा उताणे निजून पोटऱ्यांखाली लोड ठेवावा. झोळ पडलेली बाज टाळावी. तथापि उघड्या फरशीवरच निजले पाहिजे असाही आग्रह नको. त्यानंतर सपाट वाटेने थोडे थोडे चालावे व दररोज थोडे वाढवावे. चालताना कळ पावलातून वर सरकून कुल्ल्यात अथवा कंबरेत आली तर ते सुचिन्ह समजावे. खाली खाली उतरू लागली तर त्या दिवशी थांबावे.

तेल व निर्गुडीच्या पाल्याचा शेक यांनी आखडलेले स्नायू सैल होतात व बरे वाटते. त्यास आमची हरकत नाही. मात्र बधिर झालेल्या पावलास गरम विटेचा शेक देऊ नये; कातडी भाजते व फोड येईपर्यंत कळत नाही. मधुमेह असलेल्यांनी तर विशेष जपावे. बिब्बा घालणे व डाग देणे यांनी वरची कातडी जळते, आत चेपलेल्या मुळास काही होत नाही. दुकानातून मागून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्याने जठरास व्रण पडतात व मूत्रपिंड बिघडते. नाव नसलेल्या पुड्यांपासून तर दूरच राहावे. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडले आहे, आणि दोन दिवसांत येणारा तो विलक्षण गुण त्याचाच असतो. आणखी एक सूचना: कुल्ल्यात सुई टोचून घ्यावी लागलीच तर ती वरच्या, बाहेरच्या कोपऱ्यात घ्यावी. मध्यभागी अथवा खाली टोचलेली सुई याच मज्जातंतूस लागून पाऊल कायमचे लुळे पडू शकते.

एमआरआय या तपासणीविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण कर्ज काढून ती करणारे आमच्या पाहण्यात आहेत. अमेरिकेत कंबर कधी न दुखलेल्या ९८ माणसांची अशी चित्रे काढून त्यांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिकांची कोणती ना कोणती चकती फुगलेली निघाली! तात्पर्य, चित्रात चकती फुगलेली दिसली म्हणून तीच दुखण्याचे कारण असे ठरत नाही. सहा आठवडे झाले, गुण नाही व शस्त्रक्रियेचा विचार चालला आहे, अथवा पुढे सांगितलेली चिन्हे आहेत, तेव्हा हा खर्च सार्थकी लागतो. पहिल्याच आठवड्यात तो करण्याचे प्रयोजन नाही.

शस्त्रक्रियेची भीती व हाव दोन्ही अनाठायी आहेत. नेदरलँड्समध्येच २८३ रोग्यांवर झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले की, लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची पायातील कळ लवकर थांबली; परंतु वर्षअखेर दोन्ही गटांत शेकडा ९५ जण बरे झालेले होते. वाट पाहणाऱ्यांपैकी सुमारे शेकडा ४० जणांस मात्र पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. म्हणजे प्रश्न बहुधा लवकर की उशिरा एवढाच असतो. तीन महिने झाले, झोप नाही, काम नाही, अशा माणसाने शस्त्रक्रिया करून घेतली तर ती चूक नव्हे.

परंतु काही चिन्हे अशी आहेत की तेथे वाट पाहणे हीच चूक होय. कण्याच्या खालच्या टोकास मज्जातंतूंचा जुडगा घोड्याच्या शेपटीसारखा लोंबत असतो. चकतीचा मोठा तुकडा त्या सर्वांवरच पडला तर लघवी तुंबते किंवा नकळत होते, शौचावरील ताबा जातो, घोड्यावर बसले असता खोगिरास टेकणारा भाग बधिर होतो, दोन्ही पाय दुर्बळ होतात. यांपैकी एकही गोष्ट दिसली तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, जेथे कण्याची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या रुग्णालयात रोग्यास न्यावे. एक-दोन दिवसांचा उशीर झाला तर लघवीचा ताबा जन्मभर परत न येण्याचा संभव असतो. स्त्रिया ही गोष्ट लाजेने बोलत नाहीत. घरच्यांनी विचारले पाहिजे. कंबर दुखत असता लघवी तुंबली तर कोणी त्यास उन्हाळी समजून जिऱ्याचे पाणी पाजीत बसू नये.

दुसरे चिन्ह थोडे सौम्य, पण दुर्लक्ष करण्यासारखे नव्हे. चालताना चप्पल पायातून निसटते व कळत नाही, अंगठा वर उचलत नाही, पाऊल जमिनीवर फरफटते. घरी परीक्षा करावयाची तर भिंतीस हात लावून दहा पावले टाचांवर व दहा पावले चवड्यांवर चालून पाहावे. एका पायास ते जमत नसेल तर दोन-चार दिवसांतच तज्ज्ञास दाखवावे. ताप, वजन घटणे, रात्री निजल्यावर वाढणारे दुखणे ही लक्षणे असतील तर मणक्याचा क्षय नाही ना, हे पाहून घ्यावे. आपल्याकडे तो दुर्मिळ नाही व औषधाने बरा होतो. आणि साठी उलटलेल्या माणसास चालताना दोन्ही पाय भरून येतात, बसल्यावर अथवा पुढे ओणवल्यावर मोकळे होतात, सायकल मात्र मैलभर चालविता येते, असे असेल तर ते चकतीचे नव्हे, कण्यातील नळी अरुंद झाल्याचे दुखणे होय. त्याचा उपचार निराळा.

बरे वाटल्यावर कामास कसे लागावे? पहिले दोन आठवडे पाणी धरणे, राखण, बाजारहाट अशी उभ्याची व चालण्याची कामे करावीत. मग खुरपे घ्यावे, परंतु ओणवून नव्हे, बसून, आणि अर्ध्या तासाने उठून. पाठीवरचा फवारणीचा पंप भरून जमिनीवरून उचलू नये; ओट्यावर अथवा गाडीच्या साटीवर ठेवून भरावा व तेथूनच पाठीस लावावा, आणि निम्माच भरावा. खताची गोणी गाडीवरच फोडून दोन पाट्यांत वाटून न्यावी. खेपा दुप्पट होतील, मजूर हसतीलही.