बाथरूममधल्या गॅस गिझरला हवा कोठून मिळणार?

पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावर देहूरोड आणि घोरावाडी यांच्या मध्ये बेगडेवाडी हे छोटे स्टेशन लागते. या पट्ट्यातल्या वस्त्यांमधून पुष्कळ कष्टकरी कुटुंबे राहतात. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला हजर व्हायचे म्हणजे पहाटे उठणे आले, आणि मावळातल्या थंडीत अंघोळीला गरम पाणी आलेच. पूर्वी हे काम चुलीवरचे पातेले किंवा तांब्याचा बंब करीत असे. मग रॉकेलचा स्टोव्ह आला, त्यानंतर बादलीत सोडायचा विजेचा रॉड आला. आता घरोघरी गॅस गिझर दिसू लागला आहे. नळ सोडला, टकटक आवाज झाला की आपोआप पेट घेतो आणि मिनिटाभरात कढत पाणी! विजेचे बिल नाही, लाइट गेली तरी अडत नाही. ही सोय आमच्या माता-भगिनींच्या वाट्याला आली याचा आम्हाला आनंदच आहे. पहाटे चारला उठून फुंकणीने चूल फुंकणाऱ्या बायका आम्ही आमच्या घरात पाहिल्या आहेत.

परंतु हा गिझर घरात नेमका कोठे टांगला जातो, ते पाहून मात्र काळजी वाटते. चार फूट बाय पाच फुटांचे बाथरूम, त्यात एक फूटभर खिडकी, आणि त्या खिडकीखाली, नळाच्या बरोबर वर गिझर! काही ठिकाणी तर सिलिंडरही आतच, कोपऱ्यात. पाईप कमी लागतो म्हणून फिटिंग करणाराही तीच जागा सुचवितो. पावसाळ्यात झड आत येते म्हणून खिडकीला प्लास्टिकचा कागद ठोकला जातो आणि तो थंडीतही तसाच राहतो. शेजारच्या गल्लीतून कोणी डोकावेल या भीतीने आमच्या भगिनी खिडकी बंद ठेवतात, यात त्यांचा काही दोष नाही. पण दार बंद, खिडकी बंद आणि आत गॅस पेटलेला, ही जुळणी माणसाच्या जिवावर बेतणारी आहे.

असे का, ते समजून घेऊ. कोणतीही वस्तू जळते ती हवेतला प्राणवायू घेऊन. चुलीला हवा लागते तशीच गॅसलाही लागते. आमचा पेशा आकडेमोडीचा असल्यामुळे आम्ही याचा हिशेबच मांडून पाहिला. एक किलो स्वयंपाकाचा गॅस पूर्ण जळायला साधारण १२ घनमीटर, म्हणजे सव्वाचारशे घनफुटांच्या आसपास हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापविणारा छोटा गिझर पूर्ण जोरात चालला तर दहा मिनिटांत सुमारे १५० ग्रॅम गॅस जाळतो. त्याला साठ-पासष्ट घनफूट हवा हवी. आता चार फूट लांब, पाच फूट रुंद आणि आठ फूट उंच बाथरूममध्ये एकूण हवा किती? १६० घनफूट. म्हणजे एका माणसाची अंघोळ होईपर्यंत, बाहेरून हवा आली नाही तर, त्या खोलीतल्या शंभरातल्या चाळीस हिश्शांचा प्राणवायू गिझरने खाल्लेला असतो. शिवाय जळालेला वायू जातो कोठे? त्याच खोलीत, तुमच्याच डोक्यावर. दाराखालच्या फटीतून थोडी हवा येते म्हणून बहुतेक वेळा निभावते. निभावते म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि मग एखाद्या दिवशी फटीत पायपुसणे अडकते.

स्वयंपाकघरातल्या शेगडीने असे काही होत नाही, मग गिझरनेच का, असा प्रश्न एका मावशींनी आम्हाला विचारला. प्रश्न अगदी योग्य होता. शेगडीच्या एका बर्नरपेक्षा हा गिझर ताशी पाच-सहापट गॅस जाळतो. म्हणजे पाच-सहा शेगड्या एकदम पेटवून, दार लावून, कपाटाएवढ्या खोलीत उभे राहण्यासारखेच ते झाले. असे कोणी शहाणा माणूस करील काय?

प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. गळणारा गॅस आपल्याला वासावरून कळतो, कारण कंपनी त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळते. हे विष मात्र जळताना तयार होते, त्याला तो वास नसतो. पुष्कळांची येथेच फसगत होते. वास येत नाही म्हणजे गळती नाही, आणि गळती नाही म्हणजे धोका नाही, असे ते धरून चालतात. गळती नसतानाही, सर्व काही चालू असतानाही हा वायू तयार होतो. बंबाचा धूर डोळ्यांत जायचा, माणूस शिव्या घालीत बाहेर यायचा. त्या धुराने माणसे वाचविली असे म्हणायला हरकत नाही!

आपल्या रक्तातील तांबडे द्रव्य, म्हणजे हिमोग्लोबिन, प्राणवायू अंगभर पोचविते. हा विषारी वायू त्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. एकदा चिकटला की प्राणवायूला जागा उरत नाही. हवेच्या दहा लाख भागांत याचे १६०० भाग झाले तर वीस मिनिटांत डोके दुखते, गरगरते, मळमळते. ६४०० भाग झाले तर हीच लक्षणे एक-दोन मिनिटांत दिसतात, आणि पुढे सुटका करून घ्यायला वेळ राहत नाही. पाय गळून जातात. दाराची कडी हाताच्या अंतरावर असते, पण हात उचलत नाही. लहान मुले, गरोदर स्त्रिया, हृदयविकाराचे रोगी आणि अंगात रक्त कमी असलेल्या बायका यांना धोका अधिक. आपल्या वस्तीत रक्त कमी असलेल्या बायका किती आहेत, हे आम्ही सांगायला नको.

ही काही पुस्तकातली भीती नाही. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत बोरिवली येथे १५ वर्षांची एक मुलगी गॅस गिझर असलेल्या बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली आणि पुढे रुग्णालयात मरण पावली. मार्च २०२३ मध्ये होळी खेळून आलेले घाटकोपरचे एक दांपत्य आपल्या बाथरूममध्ये मृत आढळले, आणि गिझरच्या वायूने गुदमरल्याचा संशय तेव्हा व्यक्त झाला. पाणी तापविण्याचाच गिझर हवा असेही नाही. जानेवारी २०२० मध्येच केरळातून नेपाळला फिरायला गेलेले आठ जण, त्यात चार लहान मुले, दामन येथे हॉटेलच्या एका खोलीत मरण पावले. थंडी फार म्हणून गॅसचा हीटर लावून, दारे-खिडक्या आतून बंद करून ते झोपले होते. रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणाऱ्यांचेही असेच होते. उपकरण निराळे, कारण एकच.

घाटकोपर-बोरिवलीची घरे आपल्या घरांपेक्षा मोठी आणि बरी असतात, एवढेही येथे नमूद करतो. म्हणजे हा गरिबाच्या अडाणीपणाचा प्रश्न नव्हे. शिकलेल्यांनाही दिसत नाही ते दिसत नाहीच.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट घडते. बाथरूममध्ये बाई किंवा मुलगा कोसळला, हातपाय ताठ झाले, की घरातले म्हणतात फिट आली. कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते बाहेरचे आहे. आणि मग अंगारे-धुपारे! गॅस गिझरमुळे असे झटके येऊन बेशुद्ध पडलेल्या रोग्यांबद्दल आपल्या देशातील डॉक्टरांनी वैद्यकीय मासिकांतून लिहिले आहे. माणसाला एरवी कधीच फिट येत नसेल आणि ती नेमकी अंघोळीच्या वेळी आली असेल, तर देवऋषीकडे नव्हे, भिंतीवरच्या गिझरकडे बघा.

आता करायचे काय? सर्वांत चांगला उपाय म्हणजे गिझर बाथरूमच्या भिंतीबाहेर, मोकळ्या हवेत लावणे. मागचे अंगण, उघडा बोळ, मोकळी गॅलरी, जी जागा असेल ती. वर पत्र्याचा छोटा आडोसा करावा म्हणजे मावळचा पाऊस ज्योतीवर येणार नाही. आत फक्त गरम पाण्याचा पाईप घ्यावा. दोन-चार फूट पाईप जास्त लागेल, भिंतीला एक भोक पडेल, तेवढाच काय तो खर्च. सिलिंडरही बाहेर आणि उभाच ठेवावा, खड्ड्यात किंवा गटारीच्या तोंडाशी नको. कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो. उग्र वास आला तर दिव्याचे बटण न दाबता रेग्युलेटर बंद करून १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

जागेच्या अडचणीमुळे गिझर आतच ठेवणे भाग असेल, तर जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळीचा म्हणजे चिमणीचा गिझर घ्यावा, आणि ती नळी खरोखरच उघड्यावर न्यावी, बंद डक्टमध्ये नव्हे. तरीही आत येणाऱ्या हवेची वाट लागतेच. याकरिता भिंतीला दोन झरोके पाहिजेत. एक जमिनीलगत, त्यातून ताजी हवा आत येते. दुसरा छताजवळ, त्यातून तापलेली हवा बाहेर जाते. अशा अडचणीच्या जागेला घरातल्या मोठ्या खोलीतून हवा घ्यायची असेल, तर अमेरिकेतील नियम प्रत्येक झरोका निदान १०० चौरस इंचांचा, म्हणजे दहा इंच बाय दहा इंच, असावा असे सांगतो. गवंड्याला सांगायला हे माप सोपे आहे. झरोक्याला बंद करता येणारे झडप लावू नये. आडपडद्यासाठी तिरक्या पट्ट्यांची जाळी बसवावी आणि तिच्यात अडकलेली धूळ-जळमटे महिन्यातून एकदा काढावीत. वरचा झरोका सहा फुटांच्या वर असेल तर कोणी डोकावण्याचा प्रश्न येत नाही.

एक्झॉस्ट फॅन लावला की झाले, असे समजणारेही आम्हाला भेटले. पंखा हवा बाहेर फेकतो खरा, पण तेवढीच हवा आत यायला वाट नसेल तर तो नुसता घरघरतो. उलट चिमणीतून बाहेर निघालेला वायू तो पुन्हा आत ओढू शकतो. दुकानदार सांगतो की गिझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतो. होतो ना! पण ते घड्याळ आहे, ते हवा मोजत नाही. वरचा दहा मिनिटांचा हिशेब पुन्हा एकदा पाहावा. गिझर घेताना आय.एस.आय. मार्क बघून घ्यावा हे बरे, मात्र त्या मार्कामुळे बंद खोलीत हवा तयार होत नाही. ज्योत निळी आहे ना, ते अधूनमधून पाहावे. पिवळी दिसू लागली, काजळी धरू लागली, तर मेकॅनिकला बोलावून बर्नर साफ करून घ्यावा आणि तोवर गिझर वापरू नये.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची अडचण आम्ही जाणतो. भिंतीला भोक पाडू देणारा घरमालक विरळाच! अशा एका मालकाने ‘‘आमच्या घराचे शोभापण जाईल’’ असे उत्तर आम्हाला दिले होते. त्यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा चार भाडेकरूंनी मिळून, शांतपणे, हा लेख त्यांच्यापुढे ठेवावा. पण तोपर्यंत काय? तोपर्यंत एक बिनखर्चाचा उपाय आहे, आणि तो आजपासून करता येतो. आपण शॉवरखाली उभे राहणारे लोक नाही, आपली अंघोळ बादली-तांब्याची. दार सताड उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, आतली हवा चार-पाच मिनिटे मोकळी होऊ द्यावी, आणि मगच आत जाऊन दार लावावे. गिझर पेटलेला असताना कोणीही दार लावून आत राहायचे नाही, हा नियम घरातल्या पोराटोरांपर्यंत पोचवावा. मुलांनी आतून कडी लावू नये. मोठ्यांसाठीही बाहेरून उघडता येईल अशी कडी बसविलेली बरी.

हे विशेषकरून डिसेंबरात ध्यानात ठेवावे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी गावोगावची माणसे येथे येतात. या भागातल्या घरोघरी पाहुणे उतरतात. पहाटे कडाक्याची थंडी, बाथरूमसमोर रांग, एक बाहेर आला की दुसरा आत, आणि गिझर तास-दीड तास बंदच होत नाही. पहिल्याचे काही बिघडत नाही. सहाव्या-सातव्याच्या वाट्याला आधीच्या सगळ्यांची वापरलेली हवा येते, आणि तो बहुधा घरातली बाई असतो, कारण तिची पाळी सर्वांच्या शेवटी.

आत गेलेल्या माणसाचा आवाज बंद झाला, हाकेला ओ येत नसेल, तर वाट पाहू नये. दार उघडावे, न उघडल्यास तोडावे. सोडविणाऱ्याने श्वास रोखून आत जावे, गिझर बंद करावा आणि माणसाला ओढून उघड्यावर आणावे, नाहीतर एकाच्या जागी दोघे पडतात. लगेच १०८ ला फोन करावा. श्वास थांबला असेल आणि कोणाला कृत्रिम श्वास देण्याची माहिती असेल, तर त्याने सुरुवात करावी. कांदा हुंगविणे, तोंडात पाणी ओतणे असले प्रकार करू नयेत. कोरोनाच्या काळात पुष्कळांनी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेतले. ते येथे फसवे ठरते, कारण विषारी वायू चिकटलेले रक्त त्याला प्राणवायूने भरलेलेच वाटते आणि आकडा ९८-९९ दाखवितो. तो पाहून घरी थांबू नये. साध्या हवेत हे विष अर्ध्यावर यायला चार-पाच तास लागतात, नुसता प्राणवायू दिला तर सुमारे तास-दीड तास. म्हणून रुग्णालय गाठणे महत्त्वाचे. आणि तेथे पोचताच डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगावे, की बाथरूमचे दार बंद होते आणि आत गॅस गिझर चालू होता.